अब्बांचा बॉयलर आणि आमचा गिझर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सोलापुरात एखाद्या घरी नवी सून आली की पहिल्या दोन-तीन दिवसांतच तिला घरातल्या नळांची ओळख करून देतात. हा नळ पिण्याचा, हा वापरायचा. पिण्याचा म्हणजे महापालिकेचा, काही दिवसांआड येणारा. वापरायचा म्हणजे बोअरचा. डाळ पहिल्या पाण्यात शिजवायची, धुणी-भांडी-आंघोळ दुसऱ्यात. चुकून बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ लावली, तर कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता माणूस दमतो, डाळीचा दाणा मात्र तसाच ताठ. चहा केला तर वर तवंग येतो, आणि तवंगाचा चहा पाहुण्यापुढं ठेवायला जीव धजत नाही.

माझी धाकटी बहीण मुंबईला दिली आहे. माहेरी आली की दुसऱ्याच दिवशी तिची तक्रार सुरू होते, ‘भाईजान, तुमच्या पाण्यानं केसांचा झाडू झाला.’ आम्ही मुंबईला गेलो की उलटा प्रकार. तानसा-भातशाच्या त्या पाण्यात अंगाचा साबण निघता निघत नाही. बादलीभर पाणी ओतलं तरी अंग बुळबुळीतच. मला वाटायचं, मुंबईचा साबणच वेगळा असावा. साबण तोच असतो, पाणी वेगळं असतं.

शाळेच्या पुस्तकात या पाण्याला ‘दुष्फेन’ म्हटलेलं होतं. फेन म्हणजे फेस. ज्यात फेस नीट येत नाही ते दुष्फेन, ज्यात येतो ते सुफेन. कवीच्या कानाला हा शब्द फार आवडतो, पण गेल्या पन्नास वर्षांत एकाही माणसाच्या तोंडून मी तो ऐकलेला नाही. आमच्याकडे ‘जड पाणी’ म्हणतात. कुणी ‘क्षाराचं पाणी’ म्हणतं, आमच्या घरात ‘खारा पानी’. खरं तर खारं आणि जड हे एक नव्हे. मीठ विरघळलेलं पाणी खारं किंवा मचूळ. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं पाणी जड. आमच्या बोअरला बहुधा दोन्ही एकत्र नांदतात, म्हणून शब्दांचीही सरमिसळ झाली.

हे पाणी जड का, याचं उत्तर आपल्या पायाखाली आहे. सोलापूर दख्खनच्या काळ्या दगडावर वसलेलं. त्या दगडात कॅल्शियम भरपूर. वरच्या काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे सापडतात, ते तर कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहेत. पावसाचं पाणी मातीत मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड वायू घेतं आणि किंचित आंबट होतं. या आंबट पाण्यात दगडातला, खड्यांतला चुना हळूहळू विरघळतो. कोकणात धो धो पाऊस पडतो, जमीन वर्षानुवर्षं धुऊन निघते. आमच्याकडे वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर. जे विरघळलं ते वाहून जायला पाणीच नाही. ते खडकाच्या भेगांत बसून राहतं, मुरतं, आणखी जड होतं. आपण तीनशे, चारशे फूट बोअर मारतो आणि हे मुरलेलं पाणी वर काढतो.

नळाचं पाणी त्या मानानं सौम्य. ते येतं भीमेचं. काही उजनीहून पाइपलाइननं, काही टाकळीजवळ नदीतून उचललेलं, आणि काही हिप्परग्याच्या एकरूख तलावातून, जो १८७१ साली बांधला गेला. पण तेही कोकणासारखं हलकं नाही. शिवाय नळाला रोज पाणी नसल्यामुळं आपण सगळे एक उद्योग करतो. जमिनीतल्या हौदात नळाचं पाणी भरतो, संपत आलं की त्यातच बोअर सोडतो, आणि ते मिश्रण गच्चीवरच्या टाकीत चढवतो. बाथरूमच्या तोटीतून नेमकं कुठलं पाणी येतंय, हे घरमालकालाही सांगता येत नाही. भारतीय मानक संस्थेनं पिण्याच्या पाण्यासाठी जडपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम ठेवली आहे, आणि दुसरं पाणी उपलब्धच नसेल तर ६०० पर्यंत चालेल असं म्हटलं आहे. आता ‘दुसरं पाणी उपलब्धच नसेल तर’ हे वाक्य लिहिणाऱ्याला सोलापूर माहीत असावं, असं मला उगाच वाटतं.

जड पाणी प्यायल्यानं मुतखडा होतो, ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं जडपणासाठी आरोग्याच्या दृष्टीनं कुठलीही मर्यादा घातलेली नाही, एवढं सांगून तो विषय डॉक्टरांवर सोडतो. माझा विषय पोटाचा नाही. जिथं जिथं हे पाणी तापतं त्या यंत्रांचा आहे.

थंड असेपर्यंत हे पाणी गरीब गाईसारखं असतं. तापवलं की त्यात धरून ठेवलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि त्याच्या आधारानं विरघळलेला चुना उघडा पडतो. तो पाण्यात राहू शकत नाही. मग जो पृष्ठभाग सगळ्यात गरम, त्यावर जाऊन बसतो. पातेल्याच्या तळाशी, कुकरच्या कडेला, गिझरच्या कॉइलवर. हाच तो पांढरा थर. आपण ज्या शहाबादी फरशीवर पाय सोडून बसतो, तिचाच हा सख्खा भाऊ. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट.

हे सगळं मला शाळेत नव्हे, अब्बांकडून कळलं. ते गिरणीत बॉयलरवर होते. आधी फायरमन, मग अटेंडंट. ज्या भोंग्यावर सारं सोलापूर उठायचं, तो भोंगाही बॉयलरच्याच वाफेवर वाजायचा. बॉयलर म्हणजे झोपवलेलं प्रचंड लोखंडी पिंप. त्याच्या पोटातून दोन मोठे नळे आरपार गेलेले, नळ्यांच्या आत आग आणि बाहेर पाणी. अब्बा सांगायचे, आगीची भीती नाही, कोळशाची नाही. भीती खपलीची. नळ्यावर बाहेरून चुन्याची खपली धरली की आगीची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. लोखंड तापत जातं, लाल होतं, मऊ पडतं, आणि आतल्या दाबानं दबून फाटतं. बॉयलर फुटून माणसं मेल्याच्या गोष्टी तेव्हाच्या कामगारांना पाठ होत्या. भारतात १९२३ साली बॉयलरचा कायदा झाला तो अशाच अपघातांपायी. दरवर्षी बॉयलर थंड करायचा, उघडायचा, तपासनीसाला दाखवायचा. त्याआधी अब्बा आणि त्यांचे दोन-तीन साथीदार मॅनहोलमधून आत उतरत आणि हातोडीनं टिपून टिपून खपल्या काढत. त्या दिवसांत घरी आले की त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. आम्ही भावंडं हसायचो. त्यातली तळहाताएवढी एक खपली त्यांनी घरी आणलेली, पाटीच्या तुकड्यासारखी चपटी, एका बाजूला नळ्याची गोलाई उमटलेली. ती माझ्या टेबलावर कागदांवर ठेवायला आहे. माझ्या निम्म्या कविता तिच्याखाली दबून राहिल्या, आणि काही तिथंच राहिल्या ते बरं झालं.

आणखी एक गोष्ट ते सांगायचे. गिरणीत पाणी जसं आलं तसं बॉयलरमध्ये कधी सोडत नसत. आधी टाकीत चुन्याची निवळी आणि धुण्याचा सोडा घालून गाळ खाली बसवायचा, मगच वरचं पाणी आत. पाण्यातला चुना काढायला चुनाच घालायचा, हे मला पोरपणी थट्टेचं वाटायचं. पुढं वाचनात आलं की १८४१ साली थॉमस क्लार्क नावाच्या ॲबर्डीनच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकानं नेमक्या याच युक्तीचं पेटंट घेतलं होतं. चुन्याची निवळी पाण्यातला तो धरून ठेवलेला वायू पिऊन टाकते, आणि मग विरघळलेला आणि घातलेला असे दोन्ही चुने गाळ होऊन तळाशी जातात. काट्यानं काटा.

गिरण्या बंद पडल्या. बॉयलर भंगारात गेले. अब्बाही गेले. आणि पाहता पाहता प्रत्येक घरात एक छोटा बॉयलर भिंतीवर टांगला गेला. त्याला सोडा नाही, तपासनीस नाही, वर्षाची सफाई नाही. कायद्याच्या नजरेत तो बॉयलर नाहीच. बॉयलरवाल्याचा मुलगा असून मीही त्याच्याकडे सहा वर्षं ढुंकून पाहिलं नाही.

काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली गोष्ट. अम्मी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पहाटे फजरच्या नमाजसाठी उठते, थंडीत वजूला गरम पाणी घेते. एकदा जेवताना सहज म्हणाली, ‘वजू करते वखत हातां में मुंग्या चलते सरीखे लगता.’ आम्ही म्हटलं, वय झालं. शुगर तपासून आणली, ती ठीक निघाली. डॉक्टरांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी माझ्या बायकोनं ओल्या हातानं तीच तोटी धरली आणि झटक्यात हात मागं घेतला. तिची शुगर तपासायची वेळ आली नाही. मी टेस्टर आणून तोटीला लावला, तर तो मंद पेटला.

आमचा नेहमीचा मेकॅनिक पोरगा आला. मेन स्विच बंद करून त्यानं गिझर उतरवला, खालचं झाकण खोललं आणि कॉइल ओढायला लागला, ती येईना. ‘चाचा, किती वर्षं झाली उघडून?’ मी सांगितलं, सहा. ‘सहा वर्षं दात न घासल्यासारखं झालं की हे.’ शेवटी कॉइल आली ती मनगटाएवढी जाड होऊन. मूळची बोटापेक्षा बारीक नळी, बाकी सगळा पांढरा दगड. त्यानं हलकेच ठोकला, तर दगडाचं टरफल निघालं आणि आतली नळी चिरलेली दिसली.

नळीत तापणारी तार असते, तिच्याभोवती भुकटी, वर धातूचं कवच. कवच चिरलं की पाणी आत शिरतं, आणि तारेतली वीज पाण्यावाटे टाकीला, तोटीला येते. अर्थिंग धड असेल तर ती जमिनीत जाते आणि फ्यूज किंवा एमसीबी पडतो. आमच्या अर्थिंगचा खड्डा पार्किंगच्या फरशीखाली गेलेला, त्यात कित्येक वर्षांत कुणी पाण्याचा तांब्या ओतला नव्हता. क्लॅम्प गंजून तार नुसती टेकलेली. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी असतं तर पहिल्याच दिवशी वीज तुटली असती. तेही नव्हतं. ओल्या फरशीवर, उघड्या पायांनी, चार पहाटे माझी आई त्या तोटीखाली हात धरत होती. हे सगळं माझ्या हातचं होतं, दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायला मला जागा नाही.

टेबलावर पडलेले ते पांढरे तुकडे अम्मीनं उचलून पाहिले. म्हणाली, ‘ये तो तेरे अब्बा का फत्तर है.’ मी काही बोललो नाही.

त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला. समजा, पाण्याचा जडपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे आणि घरात रोज १०० लिटर पाणी गिझरमधून जातं. म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम, वर्षाला साडेचौदा किलो. हे सगळं आत बसत नाही, बहुतेक बादलीत निघून जातं. पण दहावा हिस्सा बसला तरी वर्षाला दीड किलो दगड झाला. आम्ही सहा वर्षं थांबलो होतो.

थरामुळं विजेचं बिल दुप्पट होतं, असं पुष्कळ जण सांगतात. ते तितकंसं खरं नाही. अब्बांच्या बॉयलरमध्ये आग नळ्यात होती, उष्णता पाण्याला पोचली नाही की धुराड्यातून निघून जायची आणि कोळसा वाया जायचा. गॅसच्या गिझरचंही तसंच. विजेच्या गिझरमध्ये कॉइल पाण्यातच बुडालेली, उष्णता जाणार कुठं? ती उशिरा का होईना पाण्यातच जाते. मात्र तोवर कॉइल स्वतः भाजून निघते, आणि तडकते. बिल थोडं वाढेल, कॉइल मरेल. आणि कॉइल कशी मरते, ते मी सांगितलंच.

बाकीच्या यंत्रांकडे वळतो. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे पारा ४३-४४ वर, आणि घरोघर कूलर. कूलरमध्ये पाणी तापत नाही, पण उडून जातं, आणि उडणारं पाणी आपल्याबरोबर काहीच नेत नाही. सगळे क्षार मागे. म्हणून कूलरचं गवत मे महिन्यात दगडाच्या जाळीसारखं होतं, हवा जात नाही, पंपाची बारीक भोकं बुजतात. वरून पाणी ओतत राहिलं तर टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जडच होत जातं. आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करायची, डासांसाठीही ते हवंच. वॉशिंग मशीनला पाणी येतं त्या पाइपच्या तोंडाशी एक लहान जाळी असते. मशीन ‘पाणी घेत नाही’ म्हणून मेकॅनिक बोलावण्याआधी ती काढून पाहावी. जड पाण्यात साबणाचा निम्मा जोर कॅल्शियमशी भांडण्यात जातो आणि त्या भांडणाचा चिकट गाळ कपड्यांवर बसतो. म्हणून पांढरे सदरे राखाडी होतात. आमच्याकडच्या डाईंगवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे, जड पाण्यात चादरीचा रंग एकसारखा बसत नाही. वाफेच्या इस्त्रीत बोअरचं पाणी घातलं की ती सदऱ्यावर चुना थुंकते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, फिल्टरचंही नको. सोलर हीटरच्या बारीक तांब्याच्या नळ्या बुजतात, तिथं काचेच्या रुंद नळ्या जास्त टिकतात.

उपायांच्या नावाखाली आपण पुष्कळ गोष्टी करतो. पाण्यात तुरटी फिरवतो. तुरटीनं गढूळपणा बसतो, जडपणा नाही. कँडलचा फिल्टर लावतो, त्यातून विरघळलेला चुना आरामात पार होतो. पाइपला बांधायचे लोहचुंबक विकायला येतात. त्यावर पैसे घालण्याआधी शेजाऱ्याचा अनुभव विचारावा, माझ्या शेजाऱ्याचा मी विचारला आहे.

चालतं ते साधंच. पाइपवर बसवायचं सॉफ्टनर मिळतं, त्यातली रेझीन कॅल्शियम धरून बदल्यात सोडियम सोडते आणि अधूनमधून मिठाच्या पाण्यानं ती ताजी करावी लागते. हे काम पूर्वी झिओलाइट नावाच्या खनिजाकडून करून घेत. गंमत अशी की, आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत सापडणारे झिओलाइटचे सुंदर स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. ज्या दगडानं पाणी जड केलं त्याच्याच पोटात ते हलकं करणारंही आहे. पण सॉफ्टनर परवडणं सगळ्यांचं काम नाही. पिण्यासाठी आणि झाडांना ते पाणी घालू नये, कारण त्यात सोडियम आलेलं असतं.

ज्यांच्याकडे सॉफ्टनर नाही त्यांनी निदान गिझरला नळाचं पाणी मिळेल अशी वेगळी टाकी ठेवावी. आम्ही पाचशे लिटरची ठेवली. थर्मोस्टॅट ६० अंशांच्या खाली ठेवावा, हात पोळेल इतकं तापवून पुन्हा थंड पाणी मिसळण्यात चुन्याचाच फायदा आहे. वर्षातून एकदा मेकॅनिककडून कॉइल, ॲनोड रॉड आणि सेफ्टी व्हॉल्व्ह पाहून घ्यावेत. व्हॉल्व्ह चुन्यानं चिकटला तर वाढलेल्या दाबाला बाहेर पडायला वाट राहत नाही. अब्बा तर सगळ्यात आधी तोच उचलून बघत. भांड्यांचा, किटलीचा, मशीनचा थर काढायला किराणा दुकानातलं लिंबाचं सत्त्व पुरतं. कुकरमध्ये चिंचेचा तुकडा टाकायची आपल्या आयांची रीत याच रसायनशास्त्राची. फक्त ते पाणी शहाबादी फरशीवर सांडू देऊ नये, फरशीही चुन्याचीच, तीही खाल्ली जाते. बाजारातलं कडक ॲसिड वापरू नये. ते थराबरोबर पत्राही खातं, आणि ब्लीचिंग पावडरशी गाठ पडली तर विषारी वायू सोडतं.

आणि आरओ. घरोघर ते आलं आहे आणि जडपणा ते खरंच काढतं. पण एक हंडा पिण्याचं पाणी देताना दोन-तीन हंडे मोरीत सोडतं. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथं हा आवाज मला बघवत नाही, म्हणजे ऐकवत नाही. नळाचं पाणी असेल तर आरओची गरज आहे का, हे आधी पाणी तपासून ठरवावं. महापालिकेचं पाणी चालत असेल तर उगाच कशाला? आणि आरओ असेलच तर त्याचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला, संडासात वापरावं. काही लोक ते कूलरमध्ये भरतात. सगळे क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात, तेव्हा कूलरचं काय होत असेल ते सांगायला नको.

आमच्या गिझरवर आता मार्करनं तारीख लिहिलेली असते. अर्थिंगच्या खड्ड्यावरची फरशी काढून तिथं जाळीचं झाकण बसवलं आहे, आणि आरसीसीबीचं बटण मी महिन्यातून एकदा दाबून पाहतो. दर डिसेंबरात तो मेकॅनिक पोरगा येतो. त्याचं काम होईपर्यंत अम्मी खुर्ची घेऊन बाथरूमच्या दाराशी बसते. निघालेला थर वर्तमानपत्रावर घेऊन तिला दाखवावा लागतो, त्याशिवाय ती त्याला चहा देत नाही. गेल्या वेळी तिनं चिमटीत घेऊन पाहिला आणि म्हणाली, ‘इस बार कम है.’